१७८० च्या लंडन दंगलीचे भाषांतर करताना ‘गोंधळ’ हा शब्द किती ठिकाणी पुरेल?

समासातली नोंद (धागाकर्ती)

नमस्कार. एका त्रैमासिकासाठी मी ‘गॉर्डन दंगल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसंगावरील एका इंग्रजी प्रकरणाचे मराठी भाषांतर करीत आहे. प्रसंग थोडक्यात असा. ब्रिटिश पार्लमेंटने १७७८ मध्ये कॅथलिकांवरील काही जुने निर्बंध सैल केले. ते पुन्हा लादले जावेत म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन या तरुण खासदाराने चळवळ उभारली आणि २ जून १७८० रोजी टोप्यांना निळ्या फिती खोवलेला हजारोंचा जमाव थेम्स नदीच्या दक्षिणेकडील सेंट जॉर्जेस फील्ड्स या मैदानात गोळा होऊन याचिकेसह पार्लमेंटवर चालून गेला. त्याच रात्री परदेशी वकिलातींची कॅथलिक प्रार्थनामंदिरे फोडली गेली. ६ जूनला न्यूगेटचा तुरुंग जाळून कैदी सोडवण्यात आले आणि सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचे घर ग्रंथसंग्रहासह खाक झाले. ७ जूनला हॉबर्नमधील लँगडेल यांचा दारूचा कारखाना पेटला आणि जमावाने बँक ऑफ इंग्लंडवर चाल केली. लष्कराने गोळ्या झाडल्यानंतरच शहर शांत झाले. मृतांचा आकडा ३०० च्या आसपास सांगितला जातो.

घटना समजायला अवघड नाही. अवघड आहेत ते तिच्यासाठी वापरलेले शब्द. डिसऑर्डर, ट्यूमल्ट, रायट, हॅवॉक, मेहेम, बेडलम, पँडेमोनियम, ॲनार्की, शॅम्बल्स, केऑस आणि अपहीव्हल हे सगळे शब्द पंधरा-वीस पानांत येऊन जातात आणि कोश उघडावा तर ‘गोंधळ’, ‘अव्यवस्था’ आणि ‘अंदाधुंदी’ ही त्रिमूर्तीच आलटून पालटून समोर उभी राहते. या शब्दांमधला फरक मराठीत राखणे आवश्यक आहे काय, आणि असल्यास तो नेमका कशाचा फरक आहे, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक पेच असा की प्रकरणाचा लेखक आजचा आहे, परंतु त्याने मधूनमधून १७८० सालची पत्रे उद्धृत केली आहेत. दोन्ही ठिकाणी आलेला एकच शब्द एकाच अर्थाचा मानावा का?

कृष्णाकाठ

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. शब्द निवडण्याआधी त्या वाक्यात नेमके काय मोडले आहे ते पाहावे: कायदा मोडला, हाडे मोडली, शांतता मोडली की नुसती घडी मोडली. इंग्रजीतले हे शब्द जन्माने एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. कोणी न्यायालयातून आला, कोणी खाटकाच्या दुकानातून, कोणी रणांगणावरून, तर कोणी महाकाव्यातून. आज ते एका रांगेत बसलेले दिसतात ते गेल्या दीड-दोनशे वर्षांत झिजून गुळगुळीत झाल्यामुळे. आपली पत्रे त्या झिजेच्या आधीची आहेत.

सर्वांत फसवा शब्द मेहेम हा आहे. आजच्या वृत्तपत्री इंग्रजीत त्याचा अर्थ धुमाकूळ एवढाच उरला आहे, परंतु १७८० मध्ये ते एका विशिष्ट गुन्ह्याचे नाव होते. माणसाला लढण्यास किंवा स्वतःचे रक्षण करण्यास कमी समर्थ करून सोडणारी इजा म्हणजे मेहेम. अठराव्या शतकातला प्रख्यात कायदेपंडित ब्लॅकस्टन याने हा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडला आहे की वाचताना अंगावर काटाही येतो आणि हसूही येते. हात, बोट, डोळा किंवा पुढचा दात गेला तर तो मेहेम. कान किंवा नाक कापले तर मात्र नाही, कारण त्याने माणूस विद्रूप होतो, दुबळा होत नाही. ही फट बुजवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, कारण डिसेंबर १६७० मध्ये सर जॉन कॉव्हेंट्री या खासदाराला भर रस्त्यात गाठून काही राजनिष्ठ मंडळींनी त्याचे नाकच चिरले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने असे नाक चिरणे देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरवले. तेव्हा आपल्या एखाद्या जुन्या पत्रात मेहेम आला असेल तर ‘जायबंदी करणे’ किंवा ‘अंगभंग’ असेच लिहावे. आजच्या लेखकाच्या तोंडी तो असेल तर ‘धुमाकूळ’ खुशाल चालेल.

हॅवॉकचे मूळ रणांगणावर आहे. ही मुळात एक आरोळी होती. सेनापतीने ती दिली की सैनिकांना रांगा मोडून लुटीला मोकळीक मिळे, आणि नेमक्या त्याच कारणाने दुसऱ्या रिचर्डच्या १३८५ सालच्या लष्करी आज्ञापत्रात परवानगीशिवाय ही आरोळी देणाऱ्याला शिरच्छेदाची धमकी दिलेली आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटात लूट आहे आणि लूट करण्याची मुभाही आहे. आपल्याकडील वार्ताहर चक्रीवादळाच्या बातमीत जो ‘हाहाकार’ लिहितात तो याच्या अगदी उलट्या बाजूचा शब्द आहे, कारण हाहाकार पीडितांच्या तोंडून निघतो आणि हॅवॉक हल्लेखोरांच्या. मॅन्सफिल्ड यांच्या घराची जी गत झाली तिच्यासाठी ‘लूट आणि नासधूस’ हा जोड मला योग्य वाटतो. हाहाकार लँगडेल यांच्या पेटलेल्या दारूभट्टीजवळच्या प्रसंगासाठी राखून ठेवावा.

पँडेमोनियमविषयी थोडे विषयांतर करू द्यावे. हा शब्द मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यात घडवला आणि तो सैतानाच्या राजधानीचे नाव म्हणून घडवला. ग्रीकमधील ‘सर्व’ आणि ‘दैत्य’ या अर्थाचे दोन शब्द जोडून त्याने तो तयार केला. मौज अशी की त्या काव्यातले पँडेमोनियम हे मुळीच अव्यवस्थेचे ठिकाण नाही. ते एक भव्य सभागृह आहे, तिथे रीतसर सभा भरते, वक्ते एकामागून एक उभे राहून आपापला पक्ष मांडतात आणि ठरावही होतो. पुढच्या पिढ्यांनी सभा विसरून फक्त दैत्यांचा आवाज लक्षात ठेवला. आपल्या ‘गोंधळा’चे याहून वेगळे काय झाले आहे? देवीचा गोंधळ हा संबळाच्या ठेक्यावर, दिवटीच्या उजेडात, एकेका दैवताला नाव घेऊन आवाहन करीत क्रमाने चालणारा विधी आहे. त्यातली शिस्त गोंधळ्यांपाशी राहिली आणि भाषेत नुसता गलबला उतरला. म्हणून पँडेमोनियमसाठी ‘गोंधळ’ लिहिण्याला माझी हरकत नाही; उलट इतर सगळीकडून तो काढून या एकाच ठिकाणी ठेवावा, म्हणजे त्याचे तेज टिकेल.

शिरस्तेदार

मी न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करतो, म्हणून कायद्यातून आलेल्या दोन शब्दांपुरतेच लिहितो.

रायट हा या प्रकरणात वर्णनाचा शब्द नाही, संज्ञा आहे. इंग्लंडमधील १७१४ चा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपासून अंमलात आलेला, रायट ॲक्ट असे सांगत होता की १२ किंवा अधिक माणसे दंगेखोरपणे जमली असतील तर दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर ठरावीक शब्दांतला जाहीरनामा मोठ्याने वाचावा. त्यानंतर एक तास उलटूनही जमाव पांगला नाही तर तो देहान्त शिक्षेचा गुन्हा. १७८० च्या जूनमध्ये लंडनचे सगळे घोडे याच वाचनाशी अडले होते. जाहीरनामा वाचल्याशिवाय आणि तास भरल्याशिवाय गोळी झाडता येत नाही अशी सैन्याधिकाऱ्यांची समजूत होती आणि आपलेच घर उद्या जळेल या धास्तीने दंडाधिकारी वाचायला पुढे येत नव्हते. फौज रस्त्यात उभी आहे आणि तिच्यादेखत घरे जळत आहेत असा देखावा त्यामुळे दिसला. अखेर ७ जूनला राजाने प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळात, ॲटर्नी जनरल वेडरबर्न यांचे मत घेतले, त्यांनी अशा वेळी वाचनाची वाट पाहण्याची गरज नाही असे सांगितले, आणि त्यानंतर लष्कराला मोकळे हात मिळाले. लंडनचे लॉर्ड मेयर केनेट यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पुढे खटला होऊन त्यांना १,००० पौंड दंड झाला.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की आजच्या इंग्रजीत रायट ॲक्ट वाचून दाखवणे म्हणजे खडसावणे, कानउघाडणी करणे. आपल्या मजकुरात हा प्रयोग अक्षरशः घडलेल्या कृतीविषयी आहे. तिथे ‘दंडाधिकाऱ्यांनी जमावाची कानउघाडणी केली नाही’ असे छापले गेले तर सगळ्या शोकांतिकेचे कारणच पानावरून नाहीसे होईल.

मराठी शब्द म्हणून ‘दंगल’ घ्यावा, ‘दंगा’ नको. आपल्याकडे घरात पोरे दंगा करतात आणि शहरात दंगल उसळते. हा फरक वाचकाच्या कानात पक्का बसलेला आहे. भारतीय दंडसंहितेत १८६० पासून बेकायदेशीर जमावासाठी किमान ५ माणसांची अट होती आणि अशा जमावाने समान उद्दिष्टासाठी बळ वापरले की तो दंगलीचा गुन्हा होई. नव्या न्याय संहितेतही कलमांचे क्रमांक बदलले, पाच ही संख्या कायम राहिली. इंग्लंडमधील १२ आणि आपल्याकडील ५ यांची सरमिसळ होऊ नये म्हणून संख्या मजकुरातच द्यावी, तळटीप करू नये.

ट्यूमल्टचाही संबंध कायद्याशी आहे, आणि तो आपल्या प्रसंगाला फारच जवळचा आहे. १६६१ च्या एका कायद्याने याचिका सादर करताना ‘ट्यूमल्ट’ करण्यास मनाई केली होती: दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय याचिकेवर २० हून अधिक सह्या घ्यायच्या नाहीत आणि ती सादर करायला १० हून अधिक माणसांनी जायचे नाही. गॉर्डन हजारो सह्या आणि हजारो माणसे घेऊन गेला. त्याच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात हा कायदा अजून जिवंत आहे असे न्यायाधीशांनी सांगितले, आणि ते न्यायाधीश म्हणजे ज्यांचे घर जळाले तेच लॉर्ड मॅन्सफिल्ड होते. १७८१ मध्ये गॉर्डन तरीही निर्दोष सुटला. इथे ‘ट्यूमल्ट’ म्हणजे आवाज नव्हे, संख्येच्या बळावर आणलेला दबाव होय. ‘जमावाची दांडगाई’ असे मी लिहीन.

निळासावळा

कृष्णाकाठ सर बेडलमला बगल देऊन पुढे गेले, म्हणून त्या एका शब्दापुरते लिहितो.

लंडनच्या बिशप्सगेटबाहेर १२४७ मध्ये बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावाने एक मठ स्थापन झाला. त्याचे पुढे मनोरुग्णांसाठीचे रुग्णालय झाले आणि बेथलेहेमचा उच्चार लोकांच्या तोंडी बेडलम असा झाला. १६७६ मध्ये ते मूरफील्ड्समधील एका आलिशान इमारतीत गेले आणि तिथे पैसे टाकून रुग्ण ‘पाहायला’ येणाऱ्यांची रीघ लागे. ही खुली ये-जा १७७० मध्ये आटोक्यात आणली गेली, म्हणजे दंगलीच्या अवघ्या दहा वर्षे आधी. लंडनच्या पत्रलेखकाने १७८० मध्ये बेडलम लिहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ती इमारत होती, आणि ज्या गलक्याविषयी तो बोलतो त्यातला काही गलका आत नेऊन सोडलेल्या बघ्यांचाही होता. पुढे १८१५ मध्ये हे रुग्णालय हलवले ते सेंट जॉर्जेस फील्ड्समध्ये, म्हणजे जिथून गॉर्डनचा मोर्चा निघाला त्याच परिसरात. त्या इमारतीच्या उरलेल्या भागात आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे.

मराठीतही गावाचे नाव वेडासाठी वापरण्याची खोड आहे. ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला भरती करा’ असे आपण सर्रास म्हणत आलो. तेवढ्यावरून कोणाला ‘वेड्यांचा बाजार’ हा वाक्प्रचार सुचेल, पण तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी मनोरुग्णालयाशी संबंधित काम केले आहे. आजच्या अशा कोणत्याही वॉर्डात वाचकाने एक दुपार काढली तर त्याला गलक्यापेक्षा शांतताच अधिक जाणवेल. पत्रात बेडलम आले तर ‘बेडलम’ हेच विशेषनाम ठेवून अर्धे वाक्य खुलाशाचे घालावे, आणि आजच्या लेखकाच्या वाक्यात सरळ ‘कोलाहल’ लिहावे.

औझकाठचा पुणेकर

मी यॉर्कला राहतो. इथे ‘द शॅम्बल्स’ नावाची एक जुनी गल्ली आहे आणि त्या गल्लीतून दोन मिनिटे चालले तरी या शब्दाचा निम्मा इतिहास कळतो. घरे लाकडी चौकटींची असून वरचे मजले इतके पुढे आलेले आहेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येईल असे वाटते. काही दुकानांच्या खिडक्यांखाली अजून रुंद फळ्या आहेत, त्यांच्यावर मांस मांडले जाई. वर लोखंडी आकडे आहेत, त्यांना सोललेली जनावरे टांगली जात. पदपथ दोन्ही बाजूंनी उंच आणि मधला भाग खोलगट, कारण तिथून रक्त आणि घाण धुऊन जायची. आता त्या आकड्यांखाली चॉकलेट आणि पर्यटकांच्या भेटवस्तू विकल्या जातात.

शब्दाचा उगम मात्र रक्ताशी नाही. लॅटिनमधल्या लहान बाकाच्या नावावरून जुन्या इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ चौरंग किंवा स्टूल असा होता. मग मांस विकायचा ओटा, मग मांसाचा बाजार, मग कत्तलखाना, मग लाक्षणिक अर्थाने रक्ताचा सडा पडलेली जागा, आणि गेल्या शंभरेक वर्षांतच नुसती अव्यवस्था. आज आई मुलाच्या खोलीला शॅम्बल्स म्हणते तेव्हा तिला खाटीक आठवत नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१२ चा शब्द म्हणून ‘ऑम्निशॅम्बल्स’ची निवड केली, त्यातही सरकारी कारभाराचा पुरता बट्ट्याबोळ एवढाच आशय होता. म्हणून आपल्या पत्रात शॅम्बल्स असेल तर खाटीकखानाच लिहावा. आजच्या लेखकाच्या वाक्यात ‘बट्ट्याबोळ’ चपखल बसेल.

खिळेजुळारी

वरील सर्व माहिती मोलाची आहे. तरीही चाळीसएक वर्षे दैनिकाच्या संपादन विभागात काढलेला माणूस म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

इंग्रजी लेखक एका पानावर चार वेगळे शब्द वापरतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याला चार वेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतात असे नाही. एकच शब्द लागोपाठ दोनदा येऊ देऊ नये असे त्यांना शाळेपासून शिकवलेले असते, आणि त्या भीतीपोटी ते कोशातून पर्याय उचलतात. तशा ठिकाणी आपणही प्रत्येक शब्दाला वेगळा मराठी शब्द शोधत बसलो तर लेखकाची सवय आपण अर्थ म्हणून छापू. शिरस्तेदारांनी दाखवलेला रायट आणि कृष्णाकाठ यांनी दाखवलेला मेहेम हे राखलेच पाहिजेत. परंतु डिसऑर्डर आणि केऑस एकाच परिच्छेदात नुसते आलटून पालटून येत असतील तर दोन्हींना बेलाशक एकच शब्द द्यावा. मराठी वाक्याला पुनरुक्तीचे तितके वावडे नाही.

दुसरे असे की मराठीत नामापेक्षा क्रियापद अधिक काम करते आणि या चर्चेत ते सगळ्यांच्या नजरेतून निसटले आहे. गोंधळ ‘घातला’ म्हटले की कोणीतरी दोषी ठरतो. गोंधळ ‘उडाला’ म्हटले की कोणीच ठरत नाही. गोंधळ ‘माजला’ म्हटले की आवरायला जबाबदार असलेला माणूस जागेवर नव्हता असे ध्वनित होते. धुडगूस आणि धुमाकूळ नेहमी घातलेच जातात. तारांबळ आणि दाणादाण उडते, आणि ती बहुधा प्रतिकार करणाऱ्याची उडते. बट्ट्याबोळ होतो किंवा केला जातो. १७८० च्या लंडनमध्ये खरा वाद हाच होता की जमावाने गोंधळ घातला की दंडाधिकाऱ्यांनी तो माजू दिला. लेखकाचा कल कोणत्या बाजूला आहे ते पाहून क्रियापद ठरवा; मग नाम कोणतेही असले तरी वाचक वाट चुकणार नाही.

एक इशारा. आपल्याकडच्या इतिहासातून आलेले शब्द या मजकुरापासून दूर ठेवावेत. मोगलाई, बारभाई कारभार, भाऊगर्दी हे शब्द कितीही तयार असले तरी लंडनच्या रस्त्यावर ते उभे केले की हॉबर्नमध्ये पानिपत दिसू लागते. अराजकाचे तसे नाही. ॲनार्की म्हणजे शास्ता नसण्याची अवस्था आणि अराजक म्हणजे राजा नसण्याची. हा जोड इतका नेमका आहे की तिथे दुसरा विचारही करू नये.

समासातली नोंद

सर्वांचे मनापासून आभार. खिळेजुळारी काका, क्रियापदाचा मुद्दा लक्षात ठेवून हॉबर्नच्या प्रसंगाचा मसुदा असा केला आहे: ‘भट्टीतली कच्ची दारू रस्त्याच्या गटारांतून वाहू लागली. बायका-पोरांसह लोक ओणवे होऊन ती ओंजळीने पिऊ लागले, आणि जे तिथेच कोसळले त्यांतले कित्येक पेटत्या दारूत होरपळून मेले. सकाळी तो रस्ता खाटीकखान्यासारखा दिसत होता.’ शेवटच्या वाक्यात मूळ शब्द शॅम्बल्स आहे आणि वाक्य आजच्या लेखकाचे आहे. मग बट्ट्याबोळ लिहायचे का? मला ते कसेसेच वाटते.

मनात आणखी एक विचार आहे. पत्रे १७८० सालची आहेत, म्हणून ती पेशवेकालीन मराठीच्या वळणाने लिहावीत काय? ‘गर्दी’ या शब्दाला त्या काळच्या कागदांत हल्ला, दंगाधोपा असा अर्थ होता, तोही इथे वापरता येईल. शिवाय प्रकरणाच्या अखेरीस लेखकाने ‘गणितज्ञ ज्या अर्थाने केऑस म्हणतात त्या अर्थाने’ हा प्रसंग केऑस होता असे म्हटले आहे, तेही नीटसे उमगले नाही.

कृष्णाकाठ

खाटीकखानाच ठेवावा. ज्या वाक्यात प्रेते पडलेली आहेत त्या वाक्यात लेखक कितीही आजचा असला तरी जुना अर्थ जागा होतो, आणि चांगल्या लेखकाने तो जाणूनबुजून जागा केलेला असतो.

पेशवाई वळणाचा मोह मात्र आवरावा. लंडनचा एखादा व्यापारी ‘विज्ञापना ऐसीजे’ म्हणून पत्र सुरू करताना दिसला तर वाचक हसेल, आणि नेमके मेलेल्यांच्या वर्णनाशी हसेल. ‘गर्दी’ आज त्या अर्थाने कोणाला कळणार नाही, लोकलचा डबाच डोळ्यांपुढे येईल. जायबंदी, दंगाधोपा, नासधूस असे जुने तरी चालू असलेले चार-दोन शब्द पत्रांत पेरले तर काळाचा वास पुरेसा लागतो.

लंबक

केऑसविषयी. पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून एवढेच.

ग्रीकमध्ये हा शब्द आ वासलेल्या पोकळीचा होता. विश्व घडण्याआधीची रिकामी दरी. पुढे रोमन कवींनी त्याचा आकारहीन ढिगारा केला आणि इंग्रजी वाचकापर्यंत पोचला तो मुख्यतः हा ढिगारा. गणितातील अर्थ अगदीच अलीकडचा आहे. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांचा पायाभूत निबंध १९६३ चा, आणि या अर्थाने हा शब्द रूढ झाला तो ली आणि यॉर्क यांच्या १९७५ च्या निबंधापासून. त्या अर्थात अव्यवस्था नाहीच. नियम पक्के आहेत, प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून ठरते, परंतु सुरुवातीच्या आकड्यात नगण्य फरक पडला तरी पुढे निकाल इतका पालटतो की दूरचे भाकीत करता येत नाही. लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच यंत्रात भरले आणि काही काळानंतरचे हवामान पहिल्या गणिताशी जुळेनासे झाले, ही गोष्ट त्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे.

आपल्या लेखकाला बहुधा असे म्हणायचे असावे की २ जूनच्या दुपारी एखाद्या दंडाधिकाऱ्याने जाहीरनामा वाचला असता तर ७ जून वेगळा उगवला असता. तेव्हा तिथे ‘गोंधळ’ किंवा ‘अराजक’ लिहिल्यास वाक्य निरर्थक होईल; ‘केऑस’ हाच शब्द ठेवून ‘सूक्ष्म फरकातून उद्भवणारी अनिश्चितता’ असा खुलासा जोडावा. अपहीव्हल हा शब्द भूस्तर उचलले जाण्याच्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रात रुळला, म्हणून तो पत्रांत सापडू नये. लेखकाच्या मजकुरात ‘उलथापालथ’ पुरे.

समासातली नोंद

पत्रे पुन्हा चाळली. लंबक सरांचे बरोबर आहे, अपहीव्हल एकाही पत्रात नाही. मेहेम एकाच पत्रात आहे आणि तिथे खरोखरच एका पहारेकऱ्याच्या हाताविषयी लिहिले आहे, म्हणून ‘जायबंदी’ केले. शिरस्तेदार, एक शेवटची विचारणा: रायट ॲक्टचे नाव मराठीत ‘दंगल अधिनियम’ असे द्यावे का?

शिरस्तेदार

नको. ‘दंगल अधिनियम’ वाचून तो आपल्या विधिमंडळाने केलेला कायदा वाटेल. पहिल्या उल्लेखात ‘रायट ॲक्ट हा १७१४ चा दंगलविरोधी कायदा’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘रायट ॲक्ट’ ठेवावे, आणि जाहीरनाम्यासाठी ‘वाचला’ हेच क्रियापद शेवटपर्यंत वापरावे. ‘लागू केला’ असे कुठेही होऊ देऊ नये, कारण कायदा तर पासष्ट वर्षे लागूच होता.